मागे सरकवलेली शालूताई

नाना फोटोत आधी पाय बघायचे. कॉम्प्युटरवर मागचं पुसट करताना मी पायाखालची जमीनही पुसट केली, की ते खुर्ची मागे ढकलत. "अगो, हा हवेत कशाला उभा केलास? जमीन पायाशी स्पष्ट हवी, मग हळूहळू विरत जायला हवी. लेन्स काय कात्रीने कापते?"

दोन हजार सालच्या आसपास रत्नागिरीच्या एका स्टुडिओत आम्ही दोघं लग्नाचे अल्बम करायचो. साध्या कॅमेऱ्याचा फोटो महागड्या लेन्सचा वाटावा, ही करामत नानांचीच. लांबचं जास्त पुसट, जवळचं कमी, मागच्या माळेतले दिवे गोल फुगलेले, आणि गुळगुळीत झालेल्या भागावर शेवटी थोडे फिल्मसारखे बारीक दाणे. "फसवायचं तर नीट फसवावं," म्हणायचे. गिऱ्हाईक कधी दबक्या आवाजात सांगे, मागे अमकी दिसते, ती नको. विधवा काकू, भांडलेला चुलता. नाना त्यांनाही पुसट करत. "काढून टाकलं तर बोंब होते. पुसट केलं की दोष लेन्सवर जातो."

मग त्यांच्या पुतणीचं लग्न झालं. नानांची धाकटी बहीण शालूताई, नवऱ्याने टाकलेली, त्यांच्याकडेच राहायची. नाना बिनलग्नाचे, त्यांचा डबा, कपडे, आजारपण सगळं तिच्यावर. पुतणीही तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेली. फोटोत ती नवरीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. थोरले भाऊ, म्हणजे नवरीचे वडील, स्टुडिओत आले. "नाना, अल्बम तिच्या सासरी जायचाय. शालू एवढी पुढे नको. बघ काहीतरी."

मला वाटलं, नाना आज नाही म्हणतील. ते म्हणाले, "नवरीला चिकटून उभी आहे. एवढ्या जवळचं माणूस लेन्स पुसट करत नाही. आधी मागे न्यावी लागेल."

आणि नेली. तिला कापून वेगळी काढली, थोडी लहान केली, वाढपी उभे होते त्या दाराशी ठेवली आणि पुसट केली. खांद्यावरची बोटं एकेक करून नवरीच्या साडीच्या रंगाने भरली. काम इतकं बेमालूम, की मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी शालूताई डबा घेऊन आली. अल्बम टेबलावरच होता. त्या पानावर ती बराच वेळ थांबली. मग अल्बम मिटून म्हणाली, "गरम आहे तोवर खाऊन घे."

पुढे धाकट्या पुतणीचं लग्न निघालं. कॅमेरा नानांकडे, लाईट माझ्या हातात. सगळं घर स्टेजवर चढलं. शालूताई खाली, सगळ्यांच्या पर्सा सांभाळत.

"शालू, ये गो वर," नानांनी हाक मारली.

ती जागची हलली नाही. "नको रे नाना. उगाच तुझं काम वाढेल."

ती रागाने बोलली नव्हती. आता तरी नाना कॅमेरा खाली ठेवतील, तिला हाताला धरून वर आणतील, असं मला वाटलं. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बटण दाबलं.

नाना गेले तेव्हा सगळ्यांत जास्त रडली ती शालूताईच. मला त्यांचा आलेला राग अजून गेलेला नाही.