शेंगदाण्याचं दूध पिणारा दूधवाला

घनसावंगीत सर्जेरावांचा दुधाचा धंदा सव्वीस वर्षं चालला तो एका सवयीवर. गिऱ्हाइकानं कधी शंका काढलीच, तर सर्जेराव तिथंच दारात माप भरायचे आणि घटाघटा पिऊन दाखवायचे. जे तुमच्या लेकराला देतो तेच माझ्या पोटात जातं, असं म्हणायचे. कुणी म्हणालं की आम्हाला बाबा दूध सोसत नाही, तर त्यांना मनातल्या मनात हसू यायचं. दूध न पचणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी मुळातच कच्चा माणूस.

साठी उलटल्यावर नेमकं तेच त्यांच्या वाट्याला आलं. आधी पोट गुडगुडायचं, मग सकाळच्या फेरीतच कळा यायला लागल्या. एक दिवस तहसीलमधून निवृत्त झालेल्या प्रेमलाबाईंच्या दारात मोटारसायकल कॅनसकट सोडून त्यांना मागच्या बाभळींकडं पळावं लागलं. परत आले तेव्हा पायजम्याला डाग होता आणि बाई पातेलं घेऊन तशाच उभ्या होत्या. उरलेल्या सात घरांना त्या दिवशी दूध गेलं नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की या वयात पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही, दूध सोडा, बाकी काही झालेलं नाही. डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं की सर्जेरावांना तो आपला अपमानच वाटला. दूधवाल्याला दूध पचत नाही! ही गोष्ट गावात कळली तर लोक काय म्हणतील, याच विचारात ते बसमधून परत आले आणि कुणालाही काही बोलले नाहीत.

सुनेच्या नजरेतून मात्र ते सुटलं नाही. तृप्ती दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली होती. सासू तिच्या येण्याआधीच वारलेली. नवरा राजानंद जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात कामाला, तो शनिवारी यायचा. घरात एरवी दोघंच, सासरा आणि सून. मामा पहाटेचा दुधाचा तांब्या तसाच परत ठेवतात हे तिनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी सरळ विचारलं. सर्जेरावांनी मान खाली घालून सांगितलं.

तृप्तीचं माहेर शहागडचं. बाप गोदावरीच्या वाळूत खरबुजं लावायचा आणि हायवेच्या कडेला विकायचा. फुटक्या खरबुजांच्या बिया आई धुऊन, वाळवून ठेवायची आणि उन्हाळ्यात वाटून त्यांचं दूध काढायची. ते तृप्तीला येत होतं. इथं बिया नव्हत्या, तर तिनं शेंगदाणे घेतले. संध्याकाळी मूठभर भिजत घालायचे, सकाळी हातानं चोळून साली काढायच्या, थोडं थोडं पाणी घालत मिक्सरमधून गंधासारखे बारीक वाटायचे आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचे. मग मंद आचेवर उकळी, चिमूटभर मीठ, वर वेलदोडा. राहिलेला चोथा ती भाकरीच्या पिठात मळायची. पहिल्या दिवशी सर्जेरावांनी नाक मुरडत घोट घेतला, पण पेला संपवला. पोट शांत राहिलं. दोन-तीन आठवड्यांत अंगात बळ आलं.

"पोरी, हे कुनाला सांगायचं न्हाई," त्यांनी बजावलं. "राजानंदला बी न्हाई."

तिनं होय म्हटलं.

पौषातली गोष्ट. बसस्टँडवरचे हॉटेलवाले कमरोद्दीन सर्जेरावांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होते. त्यांच्या पुतणीचं, सबिहाचं लग्न होतं, जास्तीचं दूध हवं होतं, म्हणून फेरीची वाट न बघता ते स्वतःच उजाडता उजाडता घरी आले. पुढच्या दाराला कडी होती. ते बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात शिरले. अंगणात दुधाचे कॅन ओळीनं मांडलेले, आणि त्यांच्या शेजारी बसून तृप्ती फडक्यातून काहीतरी पांढरं किटलीत पिळत होती. मिक्सर पायरीवर होता.

कमरोद्दीन जागीच थांबले. बनावट दुधाच्या बातम्या तेव्हा रोज मोबाइलवर फिरत होत्या.

"हे काय करून राह्यली, बेटी?"

गोठ्यातून बादली घेऊन सर्जेराव येत होते, तृप्तीनं त्यांच्याकडं पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. हे माझं हाय, मला दूध पचत न्हाई. पण कमरोद्दीनसमोर सर्जेरावांना बाभळी आठवल्या, पायजम्याचा डाग आठवला, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मला काय म्हाईत न्हाई. घरातलं सून बघती."

तृप्तीचे हात फडक्यावर तसेच राहिले. कमरोद्दीननी दोघांकडं पाहिलं, दूध घेतलं नाही, आणि आल्या वाटेनं निघून गेले.

दुपारपर्यंत ते गावभर झालं. सर्जेरावांना वाटलं होतं की आता आपल्यावर शिव्यांचा पाऊस पडणार. तसं झालं नाही. लोक त्यांची कीव करू लागले. म्हातारा बिचारा गोठ्यात राबतो आणि सून मागच्या मागं दुधात पीठ कालवते, असं लोकांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी नऊ घरांनी दूध बंद केलं. प्रेमलाबाईंनी घेतलं, पण कॅनवरचं झाकण सर्जेराव लावत असताना त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण सुनेवर लक्ष ठेवा."

आणि सर्जेरावांनी मान हलवली.

ती मान आपण हलवली हे त्यांना गल्लीच्या टोकाला गेल्यावर कळलं. त्यांनी गाडी थांबवली. परत जाऊन सांगावं असं वाटलं, पण गेले नाहीत. त्या आठवड्यात आणखी दोघातिघांनी तसंच म्हटलं, आणि दर वेळी मान तशीच हलली.

बचत गटाच्या बायकांनी तृप्तीला बैठकीला बोलावणं बंद केलं. ती कुठं गेली नाही, कुणाशी भांडली नाही. शेंगदाणे मात्र रोज भिजत पडत होते आणि सकाळी पेला भरून ओट्यावर ठेवलेला असायचा. आधी ती पेला हातात द्यायची. सर्जेराव भिंतीकडं तोंड करून प्यायचे.

शनिवारी राजानंद आला तो तापूनच. बसमध्येच त्याला सगळं कळलं होतं. त्यानं बायकोला विचारलं, खरं काय ते सांग. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. सर्जेराव तिथंच होते. ते उठले आणि म्हशींना पाणी दाखवायला गोठ्यात गेले. म्हशींना पाणी मघाशीच दाखवलं होतं. तिथं उभं राहून त्यांनी पोराचा वाढत जाणारा आवाज ऐकला. तो म्हणत होता, की गावातलं बोलणं शांत होईपर्यंत तू शहागडला जा, मी उद्या सकाळी सोडतो.

ते परत आले तेव्हा तृप्ती पिशवीत साड्या भरत होती.

"ते दूध माझं हाय," सर्जेराव म्हणाले.

राजानंदला कळेना. सर्जेरावांनी मग सगळं सांगितलं, बाभळीपासून डॉक्टरांपर्यंत, आणि कमरोद्दीनसमोर काय बोललो तेही. सांगताना त्यांचे कान तापले होते. राजानंदनं बायकोला विचारलं, मग तू तरी का नाही बोललीस.

"मामांनी सांगितलं व्हतं, कुनाला सांगायचं न्हाई," तृप्ती म्हणाली. "मला वाटलं, ते सांगतील." आणि तिनं उरलेल्या साड्या भरल्या. आता जाऊ नकोस असं दोघांनीही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. सकाळी ती गेली, नवऱ्याबरोबर नाही, आपली आपण जीपनं.

रविवारी कमरोद्दीनचं हॉटेल भरलेलं असतं. सर्जेराव तिथं गेले आणि गल्ल्यासमोर उभे राहून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, की मला दूध पचत नाही, सून माझ्यासाठी शेंगदाण्याचं दूध काढत होती, आणि मी खोटं बोललो. दोन-चार टेबलांवर हशा पिकला. ज्या हशाला ते इतके भ्याले होते तो एवढाच होता. ऐकला आणि संपला.

कमरोद्दीन हसले नाहीत. ते म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्या तोंडाकडंच बघत व्हतो, सर्जेरावभाऊ. ह्यात भेसळ न्हाई, एवढं तुम्ही म्हनला असता तर माझा पुरा विश्वास बसला असता." मग म्हणाले, "गावात मी बोललो, माझी बी चुकी हाय. तिची मी माफी मागीन. तुमचं तुम्ही बघा."

दारोदार सांगायला त्यांना दोन दिवस लागले. प्रेमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मी लक्ष ठेवा म्हटलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत, नाही का?" नऊपैकी सात घरं परत आली.

तृप्ती अकरा दिवसांनी आली. त्या दिवसांत सर्जेराव आपलं दूध आपणच काढायला शिकले होते. पहिल्यांदा साली नीट निघाल्या नाहीत आणि दूध तुरट झालं, दुसऱ्यांदा उकळताना भांड्याला लागलं. ती दारात आली तेव्हा ते पाया पडायला वाकले. ती मागं सरली आणि असलं काही करू नका म्हणाली. त्यांनी चुकलो म्हटलं. ती हो म्हणाली आणि पिशवी आत ठेवायला गेली.

त्यानंतर तिनं घरातलं सगळं केलं, भाकरी, गोठा, कॅन धुणं. शेंगदाण्याला मात्र हात लावला नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. ते पुढच्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं बसून दूध पिळायचे. लोक थट्टा करायचे, ती थट्टा त्यांना सोसायची. सोसायचं नाही ते एवढंच, की ते पिळताना तृप्ती शेजारून खाली बघत जायची.

महिनाभरानं एका सकाळी ती जाता जाता थांबली.

"वाटताना पानी कोमट घ्या, मामा. दूध जास्ती निघतं."

सर्जेराव हो म्हणाले. वर बघायचं त्यांना धाडस झालं नाही. ते उठून चुलीवरचं कोमट पाणी आणायला गेले.