ॲरिझोनातली ओंजळ

"झाकण राहू दे. ओंजळ कर."

सर, म्हणजे आमचे मॅनेजर, हे मराठीत म्हणाले, ॲरिझोनाच्या एका कच्च्या रस्त्यावर. पाणी प्यायला गाडी थांबवली होती. थर्मासच्या झाकणातून आधी ते स्वतः प्यायले, मग टीममधला तुषार प्यायला. मी हात पुढे केला तेव्हा झाकण मागे गेलं आणि थर्मास वर गेला.

आणि माझी ओंजळ झाली. आपोआप. हे मला अजून सहन होत नाही. मी इंजिनिअर. नागपूरहून फिनिक्सला आलेली, कम्प्युटरचं नेटवर्क उभं करणारी. पण हातांना गावची विहीर आठवत होती. वरून पडणारी धार, कोपरावरून ओघळणारं पाणी, आणि ओतणाऱ्या बाईचं दुसरीकडे वळवलेलं तोंड. मी वाकले. प्यायले.

सरांना माझी जात कोणी सांगितली नव्हती. माझ्या डेस्कवर निळ्या कोटातला फोटो होता, तेवढा पुरला. त्याआधी सरांच्या घरी, काकूंच्या हातचं मी कितीतरी वेळा जेवले होते. फोटो लावला आणि बोलावणी बंद झाली.

नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या एका दूरच्या वस्तीत, त्यांच्या पंचायतीच्या हॉलमध्ये आम्हाला कम्प्युटर बसवायचे होते. २००५चा उन्हाळा. हॉल म्हणजे तिथलं सगळं सरकार. टपालाच्या पेट्या तिथेच, म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण तिथेच. दवाखान्याची गाडीही तिथेच येते, रस्त्यात चिखल नसेल तर. बाहेर एक नळ. नळापुढे पिकअप ट्रकांची रांग, प्रत्येकात मागे पिंप. माणसं लांबून येऊन पिण्याचं, भांड्यांचं, मेंढरांचं पाणी भरून नेत होती. विजेच्या जाडजूड तारा डोक्यावरून शहराकडे गेलेल्या, आणि त्यांच्याखालच्या घरांत कंदील. अमेरिकेत! मी बघतच राहिले. आमच्या गावातही पाइपलाइन आली होती. आमच्या वस्तीच्या अलीकडे थांबली होती.

हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या साठीच्या बाई होत्या. त्यांना विचारलं, तुमच्याकडे वीज का नाही. त्या म्हणाल्या, मागून मागून वडील गेले, आता मी मागते. आवाजात रडगाणं नव्हतं. राग होता, नीट जपलेला.

सर शेजारून मराठीत म्हणाले, "यांना सवय असते गं. यांना काही वाटत नाही."

हेच वाक्य मी आमच्याबद्दल किती जणांकडून ऐकलंय. आम्हाला काय वाटतं ते यांना कोण सांगतं? त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. केबल चुकीच्या जागी लावली, काढली, परत चुकीच्याच जागी लावली. उठले, बाहेर गेले, रांग बघून आत आले. कोपराला ओल आहे असं वाटत राहिलं.

दुपारपर्यंत थर्मास संपला. बाईंनी कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. कागदी कप संपलेत म्हणाल्या, एनॅमलचा एक पेला होता. त्यातून त्या प्यायल्या, मग विसळून भरून मला दिला. मी तोंड लावून प्यायले. घटाघटा. मग पेला विसळला, भरला आणि सरांपुढे धरला.

सरांनी पेल्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग किंचित वाकले आणि दोन्ही तळवे जुळवून पुढे केले.

ओंजळ.

एकदा वाटलं, ओतावं. वरून, लांबून. कळू दे त्यांनाही. पण त्यांना काय कळणार होतं? सकाळी माझी ओंजळ झाली ती त्यांचं सोवळं राखायला. आता त्यांची झाली तीही त्यांचं सोवळं राखायलाच.

"ओंजळीत ओतणार नाही, सर. पेल्याने प्या."

"तुझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन माझ्या सहीवर आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

पेला तसाच धरून ठेवला. तुषार हळूच म्हणाला, "सोड ना यार, दे ओतून." मी त्याच्याकडे वळलेही नाही. हात भरून आला, थोडं पाणी सांडलं. बाईंना मराठी कळत नव्हतं, पण हातातलं काम सोडून त्या बघत होत्या. शेवटी सर तहानलेलेच गाडीत जाऊन बसले. बाईंनी माझ्या हातातला पेला घेतला आणि त्यातलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. तिथे पाणी फेकत नाहीत.

सही झाली नाही. मी नागपूरला परत आले. आई म्हणाली, एकदा ओतलं असतंस तर काय बिघडलं असतं? सगळं बिघडलं असतं, आई.

हे हात आता कोणापुढे ओंजळ धरणार नाहीत. कोणाच्या ओंजळीत वरून ओतणारही नाहीत. माझ्याकडे पाणी आहे. माझ्या भांड्याला तोंड लावून प्या. नाहीतर तहानलेले राहा.