दोन हजार तीनचे टायर

चिडकी म्हणून मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे प्रसिद्ध आहे. दूध उतू गेलं तरी चिडते, एस-बान, म्हणजे इथली लोकल, दोन मिनिटं उशिरा आली तरी चिडते. पण २००६ सालच्या दसऱ्याला मला जे झालं त्याला चिडणं म्हणत नाहीत. माझ्या सगळ्यात जवळच्या माणसांनी मला फसवलं होतं, आणि तेही म्हणे सगळ्यांच्या आनंदासाठी. असं फसवल्यावर माणसाला धड भांडताही येत नाही.

आम्ही तेव्हा जर्मनीत र्युसेल्सहाइमला राहत होतो. मी नोकरीला रोज एश्बॉर्नला जायची. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांच्या ब्रेकची चाचणी हे त्याचं काम. त्या वसंतात त्याने शेजारच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडून जुनं वोनमोबिल घेतलं. चाकांवरचं घरच ते. आत पलंग, गॅसची शेगडी, आणि बसल्यावर गुडघे दाराला टेकतील एवढा संडास. गाडी दहा वर्षांची होती. मास्तर ती वर्षातून एकदा बाहेर काढायचे, एरवी ती शेडमध्ये उभी. त्यामुळे टायरांवरची नक्षी अगदी कोरी करकरीत होती.

जुलैत माझे आईबाबा सांगलीहून आले. ऑगस्टमध्ये त्यांना आणि आमच्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन बोडनझेच्या तळ्याकाठी आठ दिवस राहायचं ठरलं. मी ऑफिसात जेवताना हे सांगितलं, तर शेजारच्या टेबलावरची एक जर्मन बाई, जी आयुष्यभर असल्या गाडीतूनच हिंडली होती, तिने पहिला प्रश्न केला, "टायर कोणत्या सालचे?" उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, तो नुसता म्हातारा होतो, असं ती म्हणाली. रबर आतून कडक होतं आणि एखाद्या उन्हाच्या दिवशी हायवेवर फुटतं. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. तीनच आकडे दिसले तर तो टायर मागच्या शतकातला. सहा वर्षं झाली की दरवर्षी दाखवून आणायचा, दहा झाली की नक्षीकडे बघायचंसुद्धा नाही, सरळ बदलायचा.

घरी येऊन मी नवऱ्याला विचारलं. तो कांदा चिरत होता.

"दोन हजार तीनचे आहेत," मान वर न करता तो म्हणाला.

"तू स्वतः बघितलेस?"

"याऽ, गेनाऊ, अगदी. गाडीखाली झोपून बघितलेत, घेतानाच."

मी विषय सोडून दिला. घरात ब्रेकचा इंजिनिअर असताना मी कशाला वाकून बघू? आणि त्यातून माझे बाबा. त्यांनी बसच्या आगारात, वर्कशॉपमध्ये टायर विभागात तीस वर्षं काढलेली. सकाळच्या पहिल्या गाड्यांच्या टायरांवरून त्यांचा हात फिरल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे. असे दोन जाणकार एका गाडीत म्हटल्यावर मी डब्यात दशम्या भरल्या आणि निर्धास्त झाले.

चार तासांच्या रस्त्याला आम्हाला थांबत थांबत सात तास लागले. नवरा उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे मागे ऐंशीने चालवत होता. आमच्या वोनमोबिलला शंभर सहज झेपले असते. लेक मागून ओरडत होती, "पापा, वारूम झो लांगझाम?" एवढं हळू का, याचं उत्तर तिला कुणी दिलं नाही. आई मात्र खूश होती. "जावईबापू किती जपून नेतात गं," असं ती मला दर तासाला सांगायची, आणि मीसुद्धा पुढच्या सीटवरून आरशात मागच्यांना बघून मनातल्या मनात फुलायची. माझ्या माणसांना फुलासारखं नेतोय, असं मला वाटत होतं. आठ दिवस मजेत गेले, तसेच ऐंशीने आम्ही परत आलो, आणि महिनाअखेर आईबाबा सांगलीला गेले.

दसऱ्याला इथे सुट्टी नसते, म्हणून वाहनपूजा मी पुढच्या रविवारी करते. गाडीवर स्वस्तिक काढायची जर्मनीत सोय नाही, शेजारी पोलिसांना बोलावतील. त्यामुळे मी प्रत्येक टायरला हळदीचा जाड पट्टा ओढते आणि मध्ये कुंकवाचं बोट. त्या रविवारी सायकली झाल्या, कार झाली, मग वोनमोबिल. हळद जरा पातळ झाली होती, ओघळ खाली यायला लागले, म्हणून मी मागच्या डाव्या टायरवरून ओलं फडकं फिरवलं. वरची हळद निघाली. आतली निघाली नाही. टायरच्या बाजूला, लोखंडाच्या कडेपासून वर, केसासारख्या बारीक पिवळ्या रेघा राहिल्या. एकदोन नाही, सगळीकडे. पायाच्या टाचेला भेगा पडतात तशा त्या भेगा होत्या आणि हळद त्यात जाऊन बसली होती.

मी आकडे शोधले. बाहेरच्या बाजूला नव्हतेच. मग टॉर्च आणली आणि नवी साडी नेसलेली असतानाही गाडीखाली आडवी झाले. आकडे आतल्या बाजूला होते. एक, दोन, सहा. चौथा आकडाच नव्हता. शहाण्णव सालचा बारावा आठवडा. टायर गाडीच्याच वयाचे होते.

नवरा नारळ घेऊन जिना उतरून आला तेव्हा मी अजून जमिनीवरच बसलेली होते.

"हे दोन हजार तीनचे?"

त्याने नारळ पायरीवर ठेवला. "आल्झो, ऐक ना..."

"तुला माहीत होतं की नव्हतं?"

"होतं."

दुसऱ्यांदा तो खोटं बोलला नाही, एवढं श्रेय मी त्याला देते. ट्रिप ठरल्यावर त्याने पहिल्यांदा आकडे बघितले होते, पण त्या मापाचे टायर दुकानात नव्हते, तो सांगू लागला. मागवायला तीन आठवडे लागणार होते, तोवर बाबांच्या परतीच्या तिकिटाची तारीख आली असती. "तुला सांगितलं असतं तर तू ट्रिप रद्द केली असतीस."

"केलीच असती!"

"म्हणून नाही सांगितलं. आईबाबा पुन्हा कधी येणार होते? ऐंशीच्या वर एकदाही नेली नाही मी. हवा रोज बघत होतो. आणि काही झालं नाही ना?"

काही झालं नाही ना! 'झालं तर काय' हा प्रश्न दिवसभर विचारण्याचाच पगार हा माणूस घेतो. तिकडे कुणा परक्याच्या गाडीचा ब्रेक हजार वेळा दाबून बघतो. आणि स्वतःच्या लेकीला, माझ्या आईबापांना त्या भेगाळलेल्या रबरावर बसवून सात तास जाताना नि सात तास येताना हायवेवरून नेतो. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? ज्या ऐंशीचं मी कौतुक केलं ती काळजी नव्हती, त्याला भीती वाटत होती. त्याची भीती त्याने मला दिली असती तर मी निम्मी वाटून घेतली असती. त्याने मला नुसतं फुलू दिलं. मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जर्मन आजींनी खिडकी लावून घेतली.

सोमवारी मी रजा टाकून स्वतः टायरच्या दुकानात गेले. गाडी मीच चालवली, गावातल्या गावात, चाळीसने, घामाघूम होत. दुकानातल्या माणसाने अंगठ्याने भेग दाबून बघितली आणि विचारलं, यावर कुठपर्यंत गेला होतात? बोडनझेपर्यंत, सहकुटुंब, मी म्हणाले. त्याने चारही टायरांची ऑर्डर लिहून घेतली आणि गाडी तिथेच ठेवायला सांगितली.

घरी आले आणि कॉलिंग कार्डावरून सांगलीला फोन लावला. मला माझ्या बाजूचं कुणीतरी हवं होतं. टायर म्हणजे काय हे बाबांइतकं कुणाला कळणार? ते पेटून उठतील, जावयाला चार शब्द सुनावतील, निदान माझ्याजवळ तरी. मी एका दमात सगळं सांगितलं.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय." मग ते खाकरले. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं बाळ. निघायच्या आधी."

मला वाटलं लाइन खराब आहे. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाच्या गाडीत खोट काढायची? त्यांच्याच दारात, त्यांचंच अन्न खात असताना? ते इंजिनिअर, मी आगारातला माणूस. बरं दिसलं असतं का ते?"

"बरं दिसलं असतं का! बाबा, पोर होती गाडीत!"

"तिची काळजी घेतली होती मी," ते घाईघाईने म्हणाले. "मागचा डावा सगळ्यात वाईट होता. फुटला असता तर तोच. म्हणून तिला उजवीकडच्या एकट्या सीटवर बसवायचो आणि डाव्या बाकावर मी बसायचो. जाताना पण, येताना पण."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोराबाळांच्या गाड्या त्यांनी फाटकात अडवल्या होत्या. स्वतःच्या नातीची गाडी त्यांना अडवता आली नाही, कारण ती जावयाची होती. माझा राग कुठे गेला कळलं नाही. नवऱ्याने फसवलं तेव्हा मी ओरडले होते. बापाने फसवलं तेव्हा मी नुसती फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. डावा बाक दोघांचा होता. सगळा प्रवास त्यांच्या शेजारी, अधूनमधून खिडकीला डोकं टेकून पेंगत, कोण बसलं होतं ते मला दिसत होतं.

"आणि आई?" मी विचारलं.

उत्तराआधीच फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला आणि आईचा आवाज, नेहमीसारखाच मोठा, जर्मनी लांब आहे म्हणून.

"अगं, काय म्हणतेस? मी मावशीला सांगत होते, विमानात भीती वाटली पण तुमच्या त्या गाडीत नाही वाटली. पुढच्या वर्षी पुन्हा नेतील का गं जावईबापू?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तिचा जीव तिचा होता, तिला कळायला हवं होतं. पण मग ती बाबांकडे कशी बघेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"नेतील की," मी म्हणाले. त्या गाडीतल्या पाच जणांपैकी तिच्याशी खोटं बोललेले आता आम्ही तिघं झालो होतो.