भाऊसाहेबांच्या जेवणाची सोय

आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकही झुरळ नाही, याचा मला अकरा वर्षं अभिमान होता. एका बेडकाने तो आठवड्यात उतरवला.

भुईगावहून आणलेल्या केळीच्या घडातून तो आला. झाडावरचा बेडूक, लिंबाएवढा, डोळे सोनेरी, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. थेट फ्रिजच्या दाराला चिकटला. मी झाडू आणेपर्यंत आमच्या ह्यांनी त्याचं नाव 'भाऊसाहेब' ठेवलंही होतं! नाव ठेवलेल्याला झाडूने कसं हाकलणार? "रविवारपर्यंत खाऊनपिऊन रमला तर राहील, नाहीतर परत भुईगाव," मी जाहीर केलं. हे पडल्या चेहऱ्याने हो म्हणाले. (घरात माझ्या यादीबाहेरचं काहीतरी असावं, अशी त्यांची जुनी इच्छा.)

मग मी यादी केली. माशांची जुनी काचपेटी, वर डासांची जाळी, मनीप्लांट, चढायला पेरूची फांदी, डुंबायला करवंटीत एक दिवस शिळं केलेलं पाणी, दोन वेळा फवारा (इस्त्रीचा). बुधवारी सगळ्यावर बरोबरच्या खुणा झाल्या. भाऊसाहेब काचेला चिकटून गळा लपलप हलवत होते. मी सहज बघायला म्हणून स्टूल घेऊन बसले, ती कुकरच्या शिट्या मोजायची विसरले. भाताची खीर झाली.

पण हा खाईना! शीत ठेवलं, बघितलं नाही. उकडलेल्या अंड्याचा चुरा ठेवला, त्यावर पाय देऊन गेला. ह्यांनी कुठेतरी वाचून सांगितलं, की त्याला जिवंत, हलणारं लागतं. किडे.

आमच्याकडे किडे! अख्ख्या इमारतीत दर तीन महिन्यांनी औषध मारायला मीच लावलेलं. सुटलं होतं ते एकच घर, पहिल्या मजल्यावरच्या सावंतवहिनींचं. त्यांना दमा आहे.

शुक्रवारी त्यांच्या दारात गेले. आधी तब्येत विचारायची, मग विषय काढायचा, असं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "वहिनी, तुमच्याकडे झुरळं असतीलच ना?"

दार लागलं.

शनिवारी हे पेटीशी बसून भाऊसाहेबांना भुईगावची हवा किती चांगली ते समजावत होते. मला ते बघवेना.

रविवारी संध्याकाळी आम्ही चपला घालतोय, तोच बेल वाजली. सावंतवहिनी. हातात मुरांब्याची बरणी, झाकणाला भोकं.

"भाऊजींनी जिन्यात बेडकाचं सांगितलं. कळंबहून भावाने पाठवलीत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची नाहीत."

"छे छे, तुमच्याकडे कुठली?" मी म्हटलं.

त्यातलं सगळ्यात बारीक झुरळ पेटीत सोडलं. ते दोन पावलं चाललं. भाऊसाहेबांनी मान वळवली. जीभ कुणालाच दिसली नाही. झुरळ मात्र नव्हतं! ह्यांनी टाळ्या वाजवल्या, (लिहायला लाज वाटते) मीही वाजवल्या, आणि सावंतवहिनी पंगतीत वाढावं तसं म्हणाल्या, "एकाने काय होतंय? अजून एक घ्या की."

भाऊसाहेब राहिले. गुरुवारी बरणी संपली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे मी इमारतीत सगळ्यांना ऐकवत असते. तेव्हापासून वही उघडून बसले आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय: 'सावंतवहिनींच्या बरणीतून काय पाठवावं?' खाली, आयुष्यात पहिल्यांदाच, एकही ओळ नाही.