मिनर्व्हा, नकुशी आणि तिसरं बारसं

मी कॉलेजात इतिहास शिकवते, पण जीव जडलाय एकाच गोष्टीवर: रोमन लोकांच्या मिनर्व्हा देवीचं नाव. जुन्या लॅटिन लेखांत ते ‘मेनेर्वा’ असं कोरलेलं, तर शेजारच्या इट्रस्कन लोकांच्या आरशांवर ‘मेन्र्वा’. कुणी म्हणतं शब्द मुळात इट्रस्कनांचा, कुणी म्हणतं आपल्या ‘मन’ शब्दाचाच भाऊबंद. या भांडणात मी उमेदीची वर्षं घातली. धाराशिव जिल्हा या ज्ञानावाचून किती खोळंबला होता, ते काय सांगावं!

माझ्या स्वतःच्या नावाला मात्र संशोधन लागत नाही. नकुशी. मी तिसरी मुलगी. आता मुली पुरे, एवढं देवाला कळवायचं होतं. ते आईनं माझ्या नावानं कळवलं. पाठीवर भाऊ झाला, म्हणजे उपाय रामबाणच! पुढं विद्यापीठानंही पदवीवर हेच नाव मोठ्या आदरानं छापलं.

गेल्या वर्षी त्या भावाला तामलवाडीत तिसरी मुलगी झाली. बारशाच्या सकाळी आईनं मला बाजूला घेतलं.

“नकुशीच ठिव. तुज्या टायमाला गुण आला न्हवं?”

भाऊ नेहमीसारखा निष्पक्ष, म्हणजे मंडपात खुर्च्या लावत होता. वहिनी बाळाचं दुपटं नीट करत होती.

पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि कानात एकदा ‘कुर्रर्र’ झालं की ते मागं घेता येत नाही. एरवी त्या घरात माझं कुत्रंही ऐकत नाही. मी पाळण्यावर वाकले आणि त्याच ‘मन’ शब्दातून आलेलं एक नाव पोरीच्या कानात सांगून टाकलं. बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले. आईचा जरा रीतीपेक्षा जोरातच बसला.

पाहुणे गेल्यावर ती फुरंगटून म्हणाली, “आसलं कुठलं नाव काडलंस?”

मग काय, मी मिनर्व्हा पुराण लावलं. शेवटी सांगितलं, “तिला आई नव्हती. बापाच्या डोक्यातून जन्मली म्हणतात.”

आई पाळण्याची दोरी ओढत राहिली.

“बरं झालं बाई तिचं,” ती म्हणाली. “नाव ठिवाय आई न्हवती.”

मला रागही आला आणि रडूही. मी तिच्या हातातली दोरी घेतली, तर तिनं ती सोडली नाही.