दाराशी आल्याची तारीख

वकीलबाईंची नजर एका दिवसात गेली नाही. आधी कडा गेल्या, मग रंग, मग माणसांचे चेहरे, आणि शेवटी खिडकी कुठे आहे एवढं कळण्यापुरता उजेड उरला. तोवर त्यांची वकिलीची सनद जुनी झाली होती, संसार मुरला होता आणि पेटंटच्या कामात त्यांचा दबदबा झाला होता. "आता घरी आराम करा," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारलं, "डोळ्यांना आराम मिळालाच आहे, डॉक्टर. बाकीच्या शरीरानं काय घोडं मारलंय?" आणि पुढच्या सोमवारी त्या ऑफिसात हजर झाल्या.

त्यांचा कॉम्प्युटर आता पडद्यावरचं सगळं वाचून दाखवत असे, आणि तेही इतक्या वेगानं की कुणी कुतूहलानं त्यांचे इअरफोन कानाला लावले तर आत गांधीलमाश्या भरल्यात असं वाटे. बाईंना त्यातला शब्दन् शब्द कळे. राहता राहिली यंत्रांची चित्रं. ती काढणारा माणूस त्यांच्याच खोलीत बसायचा. त्याला सगळे ड्रॉइंगवाला म्हणत. तो जन्मापासून बहिरा. जाड कागदाखाली रबर ठेवून त्यानं रेघा उठावदार काढायची युक्ती शोधली, म्हणजे बाई बोटांनी चित्र वाचू लागल्या. दोघांचं बोलणं टाइप करून चाले. भांडणही टाइप करूनच होई. कीबोर्ड जोरात वाजायला लागले की बाकीचे समजून जात आणि चहाला बाहेर पडत.

ऑफिसचे मालक म्हणजे मोठे साहेब. त्यांना या खोलीचा फार अभिमान. पाहुणे आले की ते त्यांना दारापर्यंत आणून हळू आवाजात म्हणत, "या आमच्या बाई." बाई खुर्चीवरूनच म्हणत, "ऐकू येतं मला, साहेब. डोळे गेलेत, कान नाही."

घरी नवरा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा, शांत स्वभावाचा. आणि धाकटी नणंद होती. ती इस्पितळात परिचारिका, म्हणून घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचा सख्खा भाऊही सिस्टर म्हणे, आणि त्यात चुकीचं काही नव्हतंच.

सिस्टरचा डावा हात एका अपघातानंतर लुळा पडला. इस्पितळानं तिला चादरींच्या कोठारात बसवायचं ठरवलं. तिनं नुसती मान हलवली, घरी आली आणि भावाच्या भंगारातल्या स्प्रिंगा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठाण मांडून बसली. कितीतरी मोडतोडीनंतर एक छोटं स्टँड तयार झालं. औषधाची बाटली त्यात उलटी अडकायची, सिरिंज खाचेत बसायची, आणि अंगठ्यानं एक चाक फिरवलं की औषध हवं तेवढंच भरायचं. एका हातानं. सिस्टर वॉर्डात परतली. मग रोज स्वतःच इंजेक्शन घेणारे, हात थरथरणारे, एकाच हाताचे पेशंट तिच्याकडे तसलंच स्टँड मागू लागले.

वकीलबाईंनी पेटंटचा मसुदा कधीच लिहून ठेवला होता, चित्रंही तयार होती. पण सिस्टरचं आपलं "थांब गं वहिनी, अजून थोडं सुधारते" चालूच.

एके दिवशी सकाळी चहा पिता पिता सिस्टर म्हणाली, "काल इस्पितळाला सामान पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस वॉर्डात आला होता. स्टँडचं केवढं कौतुक केलं त्यानं! चारी बाजूंनी फोटो काढले."

वकीलबाईंनी कप खाली ठेवला. "आणि तू काय केलंस?"

"मी हसले. फोटो चांगला यावा म्हणून."

"सिस्टर, ज्याचा अर्ज आधी, हक्क त्याचा. आता सुधारणा-बिधारणा राहू दे. अर्ज आजच जायला हवा."

त्याच आठवड्यात पेटंट कार्यालयानं कागदी अर्ज बंद करून नवं पोर्टल सुरू केलं होतं. बाईंनी लॉगिन केलं. कानात आवाज आला, "चित्र. चित्र. बटण. चित्र." चित्रातली अक्षरं ओळखा आणि लिहा, असं पोर्टलचं म्हणणं. आणि ती ओळखल्यावरही यंत्राच्या आकृत्या माऊसनं उचलून एकेका चौकटीत ठेवायच्या. बाई खटपट करत राहिल्या आणि पोर्टल त्यांना पुन्हा पुन्हा बाहेर काढत राहिलं.

मदतीच्या नंबरवरचा मुलगा अगदी गोड बोलला. "मॅडम, घरातल्या कुणाला तरी पासवर्ड देऊन टाका ना."

"तुमच्याच नियमात लिहिलंय की पासवर्ड दुसऱ्याला दिला, किंवा शेजारी बसवून त्याच्याकडून भरून घेतलं, तरी सनद रद्द आणि अर्जही बाद."

"हो, पण ते कोण बघतंय?"

"समोरच्या कंपनीचा वकील बघतो. त्याचं पोट त्यावरच चालतं."

सिस्टरनं स्वतः अर्ज करावा, तर नव्या माणसाची ओळख तपासण्यातच काही दिवस जाणार. ऑफिसातले सनद असलेले बाकीचे सगळे मोठ्या साहेबांबरोबर परगावी परिषदेला गेलेले, आणि त्यांची खाती ऑफिसातल्या कॉम्प्युटरशिवाय उघडत नसत. परिषदेचा विषय होता, 'सर्वांसाठी तंत्रज्ञान'.

दुपारी दोघी कागद छापून घेऊन थेट पेटंट कार्यालयात गेल्या. काउंटरच्या काचेमागे कारकून होता.

"कागद बंद झालेत, बाई."

"मग नाकारला असं लिहून द्या."

"तसं लिहून देता येत नाही."

"घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही. मग तुम्ही इथे बसता कशाला?"

"पोर्टलवर जा असं सांगायला," कारकून प्रामाणिकपणे म्हणाला.

बाई हलल्या नाहीत. मागे रांग वाढली, कुणी खाकरलं, कुणी च्यक् केलं. काउंटरला टेकूनच त्यांनी फोनवरून सगळा अर्ज, चित्रांसकट, कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवला. सोबत लिहिलं की मी आत्ता तुमच्या काउंटरवर उभी आहे, आणि माझा अर्ज घेतला जात नाही. लगेच आपोआप उत्तर आलं, 'या पत्त्यावर अर्ज स्वीकारले जात नाहीत.'

"झालं!" सिस्टरचा चेहरा पडला.

"झालं ना," वकीलबाई खूश होत्या. "नाही म्हणाले. पण म्हणाले तर खरं, तेही लेखी, तारीख-वेळ घालून!"

दुसऱ्या दिवशी एक सहकारी परगावाहून लवकर परतला आणि त्यानं अर्ज भरला. प्रकरण तिथेच निवलं असं घरात सगळ्यांना वाटलं. पुढे बऱ्याच काळानं कंपनीचा अर्ज जाहीर झाला तेव्हा कळलं, की यांच्या एकच दिवस आधी, दोघी काउंटरवरून परतल्या त्याच संध्याकाळी, कंपनीनं तेच स्टँड स्वतःच्या नावानं दाखल केलं होतं.

सिस्टर भडकली. "एक दिवस! दादाला पासवर्ड दिला असतास तर काय आकाश कोसळलं असतं? तुझा नियम, तुझी सही! स्टँड माझं होतं, वहिनी!"

"पासवर्ड दिला असता तर अर्जच उडाला असता."

"हे खरं कारण, की तुझी ऐट?"

वकीलबाईंनी हातातली काठी घडी घालून ठेवली. मग म्हणाल्या, "दोन्ही."

त्यानंतर सिस्टरनं अबोला धरला. स्वयंपाकघरात दोघी पाठीला पाठ लावून उभ्या, आणि मध्ये नवरा. "तिला म्हणावं, मीठ दे." "तिला म्हणावं, समोरच आहे." बिचारा लिफ्टसारखा वरखाली करत राहिला.

मग कंपनीचं बोलावणं आलं. इस्पितळाच्या दर्शनी भागात सिस्टरचा मोठा फोटो लावू, तिचे आभार मानू. बदल्यात तिनं तक्रार करायची नाही. मोठ्या साहेबांना ही तडजोड एकदम पटली. "बाई, पेटंट कार्यालयाशी आपला रोजचा संबंध. पाण्यात राहून कशाला भांडायचं? शिवाय तुमच्यामुळे आपल्या ऑफिसचं नाव किती चांगलं झालंय. ते बिघडवू नका."

"माझ्यामुळे नाव झालं, साहेब, तर ते माझ्याबरोबर जाईल," बाई म्हणाल्या. त्यांनी काठी उघडली आणि ऑफिस सोडून निघाल्या. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरची बेल वाजली. दारात ड्रॉइंगवाला होता, काखेत ड्रॉइंगचा फळा, खांद्यावर रबराची गुंडाळी. त्यानं फोनवर टाइप केलं, 'टेबल कुठे लावू?'

त्याच संध्याकाळी सिस्टर घरी आली आणि वहिनीच्या समोर बसली. फोटोखाली काय लिहिणार, हे कंपनीनं तिला दाखवलं होतं.

"काय लिहिलंय माहितीये? 'अपंगत्वावर मात करणारी परिचारिका'. मात? मी काय कुस्ती खेळले? मी स्टँड बनवलं! त्यात कुठेच लिहिलेलं नाही की हे हिनं बनवलं." ती दात-ओठ खात होती. "वहिनी, भांडायचं."

"मी अजून ऐटीत आहे हं."

"राहा. आता लागेल ती."

अपील मंडळापुढे दोघी अर्जदार म्हणून उभ्या राहिल्या, बाहेरचा कुणी वकील न लावता. मागणी एकच होती. ज्या दिवशी, ज्या वेळी आम्ही तुमच्या दाराशी आलो, तीच आमच्या अर्जाची तारीख आणि वेळ धरा. कार्यालयातर्फे पोर्टलचे संचालक साक्षीला आले. वकीलबाईंनी उलटतपासणी सुरू केली.

"हे पोर्टल कुणाकुणाकडून तपासून घेतलंत?"

"सर्व प्रकारच्या वापरकर्त्यांकडून."

"माझ्या प्रकारच्या?"

"त्यांची संख्या कमी असल्यानं त्यांना दुसऱ्या टप्प्यात घेणार होतो."

"दुसरा टप्पा कधी?"

"पहिला यशस्वी झाल्यावर."

"पहिला यशस्वी झाला, हे कसं ठरवलंत?"

"तक्रारी आल्या नाहीत."

"तक्रार करायची कुठे?"

संचालकांनी घसा साफ केला. "पोर्टलवर."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मंडळाच्या अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं, पण जरा उशिरानंच.

कंपनीचा वकील उठला. त्यानं आवाजात मध घातला होता. "अर्जदार बाईंबद्दल आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे. पण कायद्याला तारीख लागते, भावना नाही."

"अगदी बरोबर," वकीलबाई म्हणाल्या. "सहानुभूती तुमच्याजवळच ठेवा, पुढे लागेल तुम्हाला. मी भावना आणलेलीच नाही. तारीख आणलीय. त्या दिवशीचा माझा ईमेल आहे, त्यात पूर्ण अर्ज आहे, आणि तो पोचल्याचं पेटंट कार्यालयाचंच उत्तर आहे. सगळे वकील ज्या दारानं आत जातात ते माझ्यासाठी आतून बंद होतं. मी उशिरा आले नाही. मला बाहेर उभं केलं."

निकाल एकमतानं लागला नाही. एक सदस्य म्हणाले, असं केलं तर उद्या कुणीही ईमेल दाखवेल. दोघांनी मात्र मान्य केलं की दार कार्यालयानं बंद ठेवलं असेल, तर त्याची किंमत आलेल्या माणसानं मोजू नये. तारीख मिळाली, वेळेसकट: यांचा ईमेल दुपारचा, कंपनीचा अर्ज संध्याकाळचा. कंपनीचा दावा कोसळला. पोर्टल दुरुस्त करायचा आदेशही निघाला.

पेटंट हातात आल्यावर सिस्टरनं जी अट घातली ती ऐकून वकीलबाईसुद्धा चकित झाल्या. जो स्वतःसाठी किंवा घरच्या माणसासाठी बनवेल त्याला सगळं मोकळं, मापासकट. जो विकेल त्यानं परवानगी घ्यायची आणि वस्तूवर तिचं नाव घालायचं.

"फुकट दिलंस तर पेटंट कशाला काढलं?" नवऱ्यानं विचारलं.

"माझं असल्याशिवाय देणार कसं, दादा?"

इकडे कार्यालयानं वकीलबाईंना पोर्टल-दुरुस्तीच्या समितीचं प्रमुख केलं. त्यांची सही झाली की पोर्टल 'सर्वांसाठी खुलं' असं जाहीर व्हायचं होतं. समारंभ ठरला, निमंत्रणं गेली. तपासणीच्या दिवशी बाईंनी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय, एक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरला. चित्रंसुद्धा. संचालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि ड्रॉइंगवाल्याला खुर्चीत बसवलं. तो भराभर पुढे गेला आणि एका ठिकाणी अडला. ओळख पटवण्यासाठी पोर्टल फोन करत होतं आणि आकडे तोंडी सांगत होतं. त्याच्या हातात फोन नुसता थरथरत राहिला. त्यानं तो उचलून संचालकांच्या कानाला लावला आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला.

संचालक ओशाळले. हळूच म्हणाले, "बाई, हे करून टाकू पुढे. तुमचं काम तर झालं ना?"

"माझं झालं. म्हणूनच सही करणार नाही. माझं झालं की मी गप्प बसेन, हे तुम्ही कसं धरून चाललात?"

"पाहुणे बोलावलेत हो! मंत्री येणार आहेत."

"येऊ देत. फीत कापा, फोटो काढा. माझी सही नाही एवढं फक्त सांगा त्यांना."

समारंभ पुढे ढकलला गेला. मोठ्या साहेबांनी कुणाकडे तरी म्हटलं म्हणे, की बाईंना यश पचलं नाही. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पचलं असतं तर झोपले नसते का!"

दुरुस्ती झाली. आकडे लिहून येऊ लागले आणि ड्रॉइंगवाल्याचा अर्ज सुरळीत गेला. संचालक पुन्हा सहीचा कागद घेऊन बसले. तेवढ्यात दार उघडलं. सिस्टर एका म्हाताऱ्या बाईंचा दंड धरून आत आली. त्या जुन्या इंजिनिअर होत्या. हात सारखे थरथरायचे, आणि पोर्टल त्यांना प्रत्येक वेळी, एक ओळ पुरी व्हायच्या आत, 'वेळ संपली' म्हणून बाहेर काढत होतं.

"यांची समितीला ओळख करून देते," वकीलबाई म्हणाल्या.

संचालकांनी मोठा सुस्कारा टाकला. कागद खिशात घातला, आणि उठून म्हाताऱ्या बाईंसाठी खुर्ची ओढली.