अर्धी राहिलेली दाढी
नव्या चामड्याचा वास आला की मला आमचं वाणगाव बाजारातलं दुकान आठवतं. बाबा दाढी करायचे आणि मी भिंतीच्या हुकाला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरे घासून द्यायचे. त्या दिवशी खुर्चीत चिकूच्या बागेचा मालक, एक वाडीवाला होता, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ कोयता घेऊन दारात आला. "माझे चिकू तोडलेस ना दादा? आता मान दे इकडे!" बाबांनी वस्तरा उघडाच फळीवर ठेवला आणि ते मधे पडले. मी पट्टा हुकावरून काढून धाकट्याच्या तोंडावर सणकन मारला. पट्ट्याच्या लोखंडी कडीने त्याची भुवई फुटली, कोयता हातातून पडला. संपलं असं वाटलं, तोच थोरला फेसासकट उठला आणि फळीवरचा वस्तरा घेऊन धाकट्याच्या गळ्याकडे झेपावला. धार मीच लावली होती. ती काय करेल ते मला ठाऊक होतं. बाबांनाही होतं, तरी त्यांनी पातं मुठीत धरलं. त्यांची दोन बोटं कायमची आखडली. दुसऱ्या सकाळी दुकान मी उघडलं. पहिला थोरलाच आला, मान खाली घालून. "एवढी उरलीय." "बसा. मान वर." मी वस्तरा गळ्याला लावला तेव्हा तो थुंकीही गिळेना. बाबा बाकावरून म्हणाले, "पोरी, हात हलका ठेव." ठेवला. आता डहाणू रोडला माझं सलून आहे. कुणी आवाज चढवला की मी आधी वस्तरा मिटून खिशात घालते, मग काय झालं ते विचारते.